रिकाम्या पट्ट्यांचा हिशेब: एअर फ्रान्स ४४७ च्या शोधात स्वायत्त रोबोंचा मार्ग कसा ठरला

३ एप्रिल २०११ रोजी बीईए या फ्रेंच विमान अपघात तपास संस्थेने जाहीर केले की, जवळजवळ दोन वर्षांपूर्वी अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानाचे अवशेष सापडले आहेत. सुमारे ३,९०० मीटर खोलीवरचा तो समुद्रतळ रेमस ६००० जातीच्या एका स्वायत्त रोबोने सोनारने, म्हणजे ध्वनीच्या परतीवरून चित्र घेणाऱ्या यंत्राने, टिपला होता, आणि शोधाचा हा चौथा टप्पा सुरू होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. ही बातमी त्या वेळी यंत्राच्या पराक्रमाची म्हणून सांगितली गेली. परंतु याच जातीचे तीन रोबो आदल्या वर्षी, म्हणजे २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत, याच समुद्रात कित्येक आठवडे फिरवले गेले होते आणि त्यांच्या हाती काहीही लागले नव्हते. दोन्ही वेळा रोबोंचा चमू वुड्स होल ओशनोग्राफिक इन्स्टिट्यूशनचाच होता, सोनारही त्याच प्रकारचा होता आणि समुद्रही तोच होता. बदलले होते ते एकच: यंत्रांनी कुठून कुठे जायचे, याचा आराखडा. पाण्याखालच्या रोबोंचे मार्गनियोजन हा विषय समजून घ्यायला मला हे प्रकरण सर्वांत उपयुक्त वाटते, कारण यात नियोजनाच्या दोन पातळ्या स्पष्टपणे वेगळ्या दिसतात. एक पातळी यंत्राच्या आत चालते, तर दुसरी यंत्र पाण्यात उतरण्याच्या कितीतरी आधी कागदावर चालते.

चाळीस सागरी मैलांचे वर्तुळ

१ जून २००९ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले एअरबस ए३३० जातीचे हे विमान २२८ जणांसह नाहीसे झाले. रडारच्या टप्प्याबाहेर असलेले हे विमान आपल्या कंपनीला दर दहा मिनिटांनी उपग्रहामार्फत आपले स्थान कळवत असे. असे शेवटचे स्थान जागतिक प्रमाणवेळेनुसार २ वाजून १० मिनिटांनी आले. त्यानंतर सुमारे चार मिनिटे यंत्रणांतील बिघाडांचे स्वयंचलित संदेश येत राहिले आणि २ वाजून १४ मिनिटांनंतर तेही थांबले. पुढचे नियमित स्थान आलेच नाही. या वेगाचे विमान पाच मिनिटांत सुमारे चाळीस सागरी मैल जाऊ शकते, म्हणून शेवटच्या ज्ञात स्थानाभोवती तेवढ्या त्रिज्येचे एक वर्तुळ आखण्यात आले. त्याचे क्षेत्रफळ १७,००० चौरस किलोमीटरांहून अधिक भरते.

त्या वर्तुळाखालचा तळ सपाट नाही. मध्य अटलांटिक पर्वतरांगेच्या शेजारचा हा प्रदेश आहे. काही ठिकाणी पाणी हजार मीटरांहूनही कमी खोल आहे, काही ठिकाणी चार हजार मीटरांच्या पुढे जाते, आणि मध्ये तीव्र उतार, कडे आणि गाळाने भरलेली मैदाने आहेत. सोनारच्या दृष्टीने खडकाळ उताराची जागा सर्वांत अवघड असते, कारण तिथे प्रत्येक दगड चकाकतो आणि प्रत्येक खाचेची सावली पडते. अशा गर्दीत मोडतोड झालेल्या विमानाचे तुकडे ओळखणे फार कठीण असते.

पृष्ठभागावर पहिले अवशेष आणि मृतदेह ६ जूनला सापडले, ते शेवटच्या ज्ञात स्थानाच्या उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरांवर. अपघातानंतर पाच दिवस उलटून गेले होते आणि तोवर प्रवाहांनी व वाऱ्याने सर्व काही वाहून नेले होते. जूनमध्ये पन्नास मृतदेह हाती आले. विमानाचा मुख्य भाग आणि दोन्ही ब्लॅक बॉक्स मात्र खाली, अज्ञात ठिकाणी राहिले.

ऐकण्याचा टप्पा आणि एक गृहीतक

ब्लॅक बॉक्सवर ध्वनिसंकेत देणारे बीकन असतात. पाणी लागताच ते ३७.५ किलोहर्ट्झ वारंवारतेवर सेकंदाला एकदा टिकटिक करू लागतात, आणि त्या वेळच्या नियमानुसार त्यांची बॅटरी किमान तीस दिवस टिकणे अपेक्षित होते. त्यांचा आवाज साधारणपणे दोन-तीन किलोमीटरांपलीकडे ऐकू जात नाही. तळ चार किलोमीटर खोल असेल तर जहाजाच्या बुडाशी बसवलेल्या हायड्रोफोनला, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणाऱ्या मायक्रोफोनला, हा आवाज पोहोचण्याची शक्यता नगण्य असते. त्यामुळे अमेरिकन नौदलाचे खोल ओढत न्यायचे हायड्रोफोन दोन जहाजांमागे लावण्यात आले. फ्रान्सची आण्विक पाणबुडी 'एमरोद' आणि संशोधन जहाज 'पुर्क्वा पा?' हीही कामाला लागली. १० जून ते १० जुलै २००९ या काळात हा शोध चालला आणि काहीही ऐकू आले नाही.

या ठिकाणी संपूर्ण प्रकरणाला वळण देणारी गोष्ट घडली, आणि ती कोणाच्या लक्षात येईल इतकी ठळक नव्हती. शेवटच्या ज्ञात स्थानाच्या आसपासचा भाग हायड्रोफोनने ऐकून झाला होता, आवाज आला नव्हता, तेव्हा तिथे विमान नाही असे मनोमन धरले गेले. पुढच्या दोन टप्प्यांची आखणी याच गृहीतकावर झाली. दुसऱ्या टप्प्यात, २७ जुलै ते १७ ऑगस्ट २००९ या काळात, फ्रेंच सागरसंशोधन संस्थेचा ओढत न्यायचा सोनार इतर भागांवरून फिरवला गेला. तिसऱ्या टप्प्यात, २ एप्रिल ते २४ मे २०१० या काळात, रेमस रोबो आले, पण तेही दुसरीकडेच उतरले. नंतर कळले ते असे की, जून २००९ मध्ये हायड्रोफोन अवशेषांच्या ऐकू येण्याजोग्या अंतरावरून गेले होते. बीकनचाच आवाज येत नव्हता.

रोबो स्वतः काय ठरवतो

आता यंत्राकडे वळू. रेमस ६००० हा टॉर्पेडोच्या आकाराचा, सुमारे ३.८ मीटर लांबीचा आणि साधारण सत्तर सेंटीमीटर व्यासाचा रोबो आहे. त्याचे वजन जवळपास नऊशे किलो भरते, तो ६,००० मीटर खोलीपर्यंत जाऊ शकतो आणि एकदा बॅटरी भरली की वीस तासांच्या आसपास काम करतो. मागे एक पंखा आणि दिशा व झुकाव बदलणारे पर, एवढीच त्याची हालचालीची साधने आहेत. हा रोबो एका जागी तरंगत थांबू शकत नाही. पुढे जाण्याचा वेग असेल तरच परांना पाण्याची पकड मिळते, त्यामुळे 'थांबून विचार कर' ही आज्ञा त्याला देताच येत नाही.

त्याला स्वायत्त का करावे लागते, याचे उत्तर पाण्याच्या गुणधर्मांत आहे. रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात शिरताच विरतात, म्हणून ना जीपीएस चालते, ना जहाजावरून त्याला हाताने चालवता येते. उरतो तो ध्वनी. त्याचा वेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर असतो, म्हणजे ३,९०० मीटर खाली प्रश्न पाठवून उत्तर यायला पाच सेकंदांहून अधिक वेळ लागतो. ध्वनीच्या मार्गाने माहितीही अत्यंत थोडी जाते: स्थान, खोली, बॅटरी, एखादा इशारा इतकीच. सोनारचे पूर्ण चित्र वर पाठवणे त्या काळी शक्य नव्हते. त्यामुळे रोबोने काय पाहिले, हे तो वर येईपर्यंत जहाजावर कुणालाच माहीत नसते.

त्याचे नियंत्रण तीन थरांत चालते असे समजावे. सर्वांत आतल्या थरात खोली, दिशा आणि झुकाव यांच्यात आलेला फरक सेकंदाला अनेकदा मोजला जातो आणि पर त्यानुसार हलवले जातात. मधला थर ठरवून दिलेल्या रेषेपासून रोबो किती बाजूला सरकला आहे ते पाहतो आणि प्रवाहाचा रेटा लक्षात घेऊन त्याला रेषेवर परत आणतो. सर्वांत वरच्या थरात मोहिमेची यादी असते: अमुक ठिकाणी खाली जा, तळापासून अमुक उंची धर, या रेषा याच क्रमाने पूर्ण कर, आणि बॅटरी ठरलेल्या पातळीखाली गेली, पाणी आत शिरले किंवा स्थानाचा अंदाज बिघडला तर काम सोडून वर ये. यातील शेवटचा भाग साधा दिसतो, पण अनुभवी माणसे त्यावरच सर्वाधिक वेळ घालवतात. कुणाशीही न बोलता चार किलोमीटर खाली असलेल्या यंत्राने कशाला संकट समजावे आणि कशाकडे दुर्लक्ष करावे, हे आधीच लिहून ठेवावे लागते. उंबरठा फार नाजूक ठेवला तर रोबो प्रत्येक फेरीत अर्ध्यावरून परत येतो. फार सैल ठेवला तर तो परत येतच नाही.

स्थान ओळखणे हे तितकेच नाजूक काम आहे. तळाशी काही ध्वनि-ट्रान्सपाँडर टाकले जातात, जहाज त्यांची नेमकी जागा मोजते, आणि रोबो त्यांना आवाज देऊन, उत्तर येण्याच्या वेळेवरून, आपले अंतर काढतो. दोन मोजणींच्या मधल्या काळात स्वतःच्या हालचालीतले बदल मोजणारी जडत्वमापक यंत्रणा आणि तळावरून परतणाऱ्या ध्वनीच्या वारंवारतेतील फरकावरून, म्हणजे डॉप्लर बदलावरून, मोजलेला वेग यांच्या आधारे तो अंदाजाने चालतो. हा डॉप्लर मापक तळापासून साधारण दोनशे मीटरांच्या आत आल्यावरच तळाला पकडतो. त्यामुळे खाली उतरण्याच्या एक-दीड तासात रोबो प्रवाहाबरोबर भरकटतो आणि तळाजवळ पोहोचल्यावर ट्रान्सपाँडरकडून आपले स्थान पुन्हा नक्की करतो. यातून नियोजनावर एक बंधन येते, ज्याचा उल्लेख फारसा होत नाही. रोबोला कुठेही पाठवता येत नाही. ट्रान्सपाँडरच्या आवाजाच्या कक्षेतच पाठवता येते. नवीन चौकोन शोधायचा म्हणजे आधी जहाजाने तिथे जाऊन ट्रान्सपाँडर टाकायचे आणि त्यांची जागा मोजायची. आज इथे आणि उद्या पन्नास किलोमीटर दूर, अशी उडी महाग पडते.

रेषांची आखणी

सोनारने तळ धुंडाळताना रोबो शेतात नांगराचे तास धरावेत तशा समांतर रेषांत पुढे-मागे फिरतो. दोन रेषांमधले अंतर किती ठेवायचे, यात नियोजनाची खरी कसोटी लागते. बाजूला पाहणारा सोनार दोन्ही बाजूंना शेकडो मीटरांचा पट्टा दाखवतो, मात्र रोबोच्या अगदी खाली एक अरुंद पट्टी त्याला नीट दिसत नाही. ती आंधळी पट्टी भरून काढण्यासाठी शेजारच्या रेषेचा पट्टा तिच्यावर यावा लागतो. म्हणजे रेषा जितक्या दूर ठेवाव्यात, तितके क्षेत्र वेगाने संपते, पण तितक्याच आंधळ्या पट्ट्या मागे राहतात. तळापासूनची उंचीही ठरवावी लागते. ती साधारणपणे सोनारच्या टप्प्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी ठेवतात, कारण तिरप्या कोनातून पाहिले तरच तळावर पडलेल्या वस्तूची सावली लांब पडते आणि वस्तू उठून दिसते.

ढोबळ आकडे घेऊन पाहू. रोबो ताशी साडेसहा किलोमीटर वेगाने चालला आणि चढ-उतार वजा जाता तळाशी पंधरा तास मिळाले, तर तो सुमारे ९७ किलोमीटर लांबीच्या रेषा पूर्ण करेल. रेषांमध्ये एक किलोमीटरचे अंतर धरले तर एका फेरीत शंभर चौरस किलोमीटरांपेक्षा थोडे कमी क्षेत्र होते, आणि त्यातूनही वळणांचा आणि पट्ट्यांच्या दुहेरीचा वेळ वजा करावा लागतो. या दराने संपूर्ण वर्तुळ तपासायचे तर पावणेदोनशेहून अधिक फेऱ्या लागतील. तीन रोबो आळीपाळीने चालवले, हवामान अनुकूल राहिले आणि एकही यंत्र बिघडले नाही, तरीही हे काम महिन्यांचे आहे. म्हणून कुठून सुरुवात करायची या प्रश्नाला इतके महत्त्व येते.

उतारावरच्या रेषांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. समोर कडा आल्यावर रोबोला तो चढावा लागतो, आणि टॉर्पेडोच्या आकाराचे यंत्र एका मर्यादेपलीकडे नाक वर करू शकत नाही. म्हणून उताराला आडव्या, म्हणजे समान खोलीच्या कडेकडेने जाणाऱ्या रेषा आखतात, जेणेकरून उंची हळूहळू बदलेल. यासाठी जहाजाने आधी घेतलेला तळाचा खोलीनकाशा हाताशी असावा लागतो. २०१० मध्ये 'सीबेड वर्कर' या जहाजावरून रेमस चालत असताना 'अ‍ॅन कँडीज' या दुसऱ्या जहाजामागे अमेरिकन नौदलाचा ओढत न्यायचा सोनार चालू होता. ओढत्या सोनारला विजेची मर्यादा नसते आणि चित्र त्याच क्षणी वर दिसते, हा त्याचा मोठा फायदा. मात्र कित्येक किलोमीटर लांबीच्या केबलला प्रत्येक रेषेच्या शेवटी वळवण्यात तासन् तास जातात, आणि तळापासून समान उंची राखणे त्याला रोबोइतके जमत नाही.

२०१० चा आराखडा

तिसऱ्या टप्प्यात शोधक्षेत्र ठरवण्यासाठी अनेक देशांच्या समुद्रशास्त्रज्ञांचा एक गट कामाला लावण्यात आला होता. ६ जूनपासून सापडलेल्या अवशेषांना पाच दिवस मागे न्यायचे, म्हणजे प्रवाह आणि वारा उलटे चालवून ते मूळ कुठे असतील ते काढायचे, असे त्यांच्यापुढचे काम होते. विषुववृत्ताजवळ या भागात प्रवाह गुंतागुंतीचे असतात आणि त्या काळातली प्रत्यक्ष मोजमापे विरळ होती. उत्तर म्हणून शेवटच्या ज्ञात स्थानाच्या वायव्येला एक क्षेत्र पुढे आले. रोबोंनी आणि ओढत्या सोनारने ते क्षेत्र कसोशीने तपासले, तिथे काही नव्हते. मोहीम चालू असतानाच फ्रेंच नौदलाने 'एमरोद'ने आदल्या वर्षी नोंदवलेले ध्वनी नव्या पद्धतीने पुन्हा तपासले आणि मे महिन्यात बीकनचा आवाज सापडल्यासारखे वाटल्याने एक छोटे क्षेत्र सुचवले. रोबो तिकडे वळवण्यात आले, आणि तिथेही काहीच नव्हते. तिसऱ्या टप्प्याअखेर ६,३०० चौरस किलोमीटरांच्या आसपासचे क्षेत्र सोनारखाली आले होते.

इथे रोबोंना दोष देता येत नाही. त्यांनी दिलेल्या रेषा पूर्ण केल्या, आणि त्या रेषांखाली विमान नव्हते हे खात्रीने सांगितले. माझ्या मते या टप्प्याची खरी किंमत त्या खात्रीतच होती, पण तिचा उपयोग व्हायला आणखी काही महिने लागले.

नकाशा पुन्हा मांडला जातो

बीईएने मेट्रॉन या अमेरिकन कंपनीकडे सर्व उपलब्ध माहिती सोपवली. लॉरेन्स स्टोन, कॉलीन केलर, थॉमस क्रॅट्झके आणि योहान स्ट्रम्पफर यांनी केलेले विश्लेषण जानेवारी २०११ मध्ये सादर झाले. त्यांनी वापरलेली बेझची पद्धत तशी जुनी आहे. क्षेत्राचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात विमान असण्याची प्रारंभिक शक्यता मांडायची, आणि प्रत्येक अयशस्वी शोधानंतर ती शक्यता नव्याने काढायची.

प्रारंभिक नकाशा एका मतावर बेतलेला नव्हता. काही भार संपूर्ण वर्तुळभर समान वाटला गेला. काही भार उलट्या प्रवाहाच्या गणिताला मिळाला, पण त्यातील अनिश्चितता मान्य करून तो कमी ठेवण्यात आला. आणि बराच भार जुन्या अपघातांच्या नोंदींना देण्यात आला: उंचावर उडत असताना ज्या विमानांचे नियंत्रण सुटले, ती संकट सुरू झालेल्या जागेपासून किती दूर जाऊन पडली? त्या नोंदी सांगत होत्या की अशी विमाने वीस सागरी मैलांच्या आतच कोसळतात. हा तिसरा घटक मला फार मोलाचा वाटतो, कारण भूतकाळातले अपघात समुद्राच्या प्रवाहांपेक्षा कितीतरी चांगले नोंदवलेले असतात.

यानंतर अयशस्वी शोधांची पाळी आली. एक काल्पनिक चौकोन घेऊ, ज्यात विमान असण्याची शक्यता दहा टक्के आहे. सोनारने तो तपासला, विमान असते तर ते दिसण्याची शक्यता नव्वद टक्के होती, आणि काही दिसले नाही. आता शक्यता किती उरते? विमान तिथे असून सोनारला न दिसण्याची शक्यता ०.१० गुणिले ०.१०, म्हणजे ०.०१. विमान तिथे नसण्याची शक्यता ०.९०. भागाकार केला की उरते सुमारे १.१ टक्के. चौकोन जवळजवळ बाद झाला.

आता तोच चौकोन सोनारने न तपासता हायड्रोफोनने ऐकला असे समजू. बीकन चालू असता तर ऐकू येण्याची शक्यता नव्वद टक्के, पण दोन्ही बीकन मुके असण्याची शक्यता चाळीस टक्के धरली, तर ऐकू येण्याची एकूण शक्यता ५४ टक्क्यांवर येते आणि चौकोनात जवळपास ४.९ टक्के शक्यता शिल्लक राहते. बीकन नक्कीच बंद होते असे मानले तर ऐकण्याने काहीच बदलत नाही. दहाचे दहा टक्के तसेच राहतात. म्हणजे 'शोधून झाले' या दोन शब्दांमागे एक टक्काही असू शकतो आणि दहा टक्केही. कशाने शोधले, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दांना अर्थ येत नाही.

दोन बीकन होते, मग दोन्ही एकदम बंद कसे पडतील, हा आक्षेप स्वाभाविक आहे. प्रत्येक बीकन बंद पडण्याची शक्यता वीस टक्के धरली आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही असे मानले, तर दोन्ही बंद पडण्याची शक्यता फक्त चार टक्के येते. मात्र दोन्ही बीकन एकाच विमानाच्या शेपटाच्या भागात होते आणि दोघांनी एकच आघात सोसला. तो आघात एकाला निकामी करण्याइतका असेल, तर दुसराही बहुधा वाचणार नाही. संबंध पूर्ण आहे असे मानले तर दोन्ही बंद पडण्याची शक्यता वीस टक्के होते, म्हणजे पाचपट. मेट्रॉनने दोन्ही शक्यतांचे मिश्रण घेतले आणि त्याशिवाय, बीकन मुळीच वाजले नाहीत असे गृहीत धरून एक पर्यायी नकाशाही काढला. त्या पर्यायी नकाशात सर्वाधिक शक्यता शेवटच्या ज्ञात स्थानाच्या अगदी भोवती गोळा झाली होती, आणि २०१० मध्ये सोनारने बाद केलेल्या भागांतून उचललेली शक्यताही तिथेच येऊन साचली होती.

चौथा टप्पा

एअरबस आणि एअर फ्रान्स यांच्या खर्चाने चौथा टप्पा २५ मार्च २०११ रोजी सुरू झाला. 'अल्युसिया' जहाजावर तीन रेमस ६००० होते: दोन वेट इन्स्टिट्यूटचे आणि एक जर्मनीतील कील येथील सागरविज्ञान संस्थेचा. वुड्स होलचे माइक पर्सेल यांच्याकडे समुद्रावरील कामाची सूत्रे होती. सुरुवात शेवटच्या ज्ञात स्थानाभोवतीच्या, सोनारने कधीच न पाहिलेल्या भागांपासून करायचे ठरले.

जहाजावरचे काम चक्राकार चालते. रोबो वर आला की समुद्राच्या हेलकाव्यांत त्याची दोरी पकडून मागच्या चौकटीने तो डेकवर घ्यायचा, बॅटरी भरायला लावायची, माहिती उतरवून घ्यायची, आणि तोवर दुसरा खाली काम करत असतो. मग विश्लेषक पडद्यासमोर बसतो आणि वीस तासांचा तळ ओळीओळीने वरून खाली सरकताना पाहतो. बहुतेक वेळ मातकट, सपाट गाळ असतो. खडक असला तर त्याची कड गोलसर किंवा भेगाळलेली दिसते आणि तो शेजारच्या रचनेत मिसळून जातो. माणसाने बनवलेली वस्तू कठीण, तेजस्वी ठिपक्यांच्या रूपात येते आणि तिची सावली धारदार पडते. एप्रिलच्या सुरुवातीला अशाच तेजस्वी ठिपक्यांचा एक पुंजका गाळाच्या मैदानावर दिसला, आणि तो आसपासच्या भूरचनेशी अजिबात जुळत नव्हता.

मार्गनियोजनाची दुसरी पद्धत इथे लागू होते. शोधाच्या रेषा रुंद आणि उंच असतात, पण ओळख पटवण्यासाठीच्या रेषा अरुंद आणि बुटक्या असाव्या लागतात. चार किलोमीटर खोलीवर पूर्ण अंधार असतो आणि पाणी कितीही स्वच्छ असले तरी फ्लॅशचा प्रकाश थोड्या मीटरांतच संपतो. म्हणून रोबोला तळापासून दहा मीटरांच्या आसपास आणून, काही मीटरांच्या अंतरावर आखलेल्या रेषांतून फिरवून छायाचित्रे घ्यावी लागतात. इतक्या कमी उंचीवर चूक करायला वाव नसतो. जिथे विमानाचे तुकडे उभे असण्याची शक्यता आहे, अशाच जागेवर रोबोला जमिनीलगत पाठवायचे असते. सोनारच्या पहिल्या फेरीने सर्व वस्तूंची उंची आणि जागा आधी दाखवली होती, म्हणूनच हे धाडस करता आले. छायाचित्रांत इंजिन, चाकांचा सांगाडा आणि पंखाचा भाग स्पष्ट दिसले.

अवशेष शेवटच्या ज्ञात स्थानापासून ६.५ सागरी मैलांवर, उत्तर-ईशान्येकडे होते. ते सुमारे ६०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद एवढ्याच जागेत पसरले होते. तपासातून पुढे स्पष्ट झाले की वेगमापक नळ्यांत बर्फ साठल्यावर विमानाचा स्वयंचलित ताबा सुटला, विमान स्टॉल झाले, म्हणजे पंखांना उचल मिळेनाशी झाली, आणि फार दूर न जाता, जवळजवळ पोटावर, पाण्यावर आदळले. जुन्या अपघातांच्या नोंदी हेच सांगत होत्या. मे महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत 'इल द सॅन' या जहाजावरून उतरवलेल्या, केबलने चालणाऱ्या रेमोरा ६००० रोबोने दोन्ही ब्लॅक बॉक्सचे स्मृतिभाग वर आणले. त्यांतील माहिती दोन वर्षे समुद्राखाली राहूनही वाचता आली, आणि आणखी १०४ मृतदेह कुटुंबांना परत मिळू शकले. सापडलेल्या एका बीकनची तपासणी केली असता तो निकामी झाल्याचे दिसून आले.

त्यानंतर

नियमांच्या बाजूने बदल लवकर झाले. बीकनची बॅटरी तीसऐवजी नव्वद दिवस टिकावी असे बंधन आले, आणि समुद्रावरून लांब उडणाऱ्या विमानांवर कमी वारंवारतेचा, ८.८ किलोहर्ट्झचा, अधिक दूर ऐकू जाणारा वेगळा बीकनही बसवला जाऊ लागला.

रोबोंच्या बाजूने बदल अधिक सावकाश होत आहेत. आज काही स्वायत्त रोबो सोनारचित्र खालीच तपासतात, संशयास्पद ठिपका दिसल्यास उरलेल्या रेषा बाजूला ठेवून त्यावर जवळून फेरी मारतात, आणि मग मूळ कामाकडे परततात. २०११ मध्ये अशी क्षमता असती तर सोनारची फेरी आणि छायाचित्रांची फेरी यांच्यामधला वेळ वाचला असता. परंतु रोबोची ही हुशारी त्याच्या चौकोनापुरती असते. चौकोन निवडण्याचे काम अजूनही जहाजावरच्या किंवा किनाऱ्यावरच्या माणसांकडे आहे, आणि आधीच्या प्रत्येक रिकाम्या फेरीला किती वजन द्यायचे हे तीच ठरवतात. ज्यांना या क्षेत्रात काम करायचे आहे, त्यांनी नियंत्रणाच्या समीकरणांइतकाच वेळ या गणिताला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत 'माया' हा छोटा स्वायत्त रोबो घडला तेव्हापासून आपल्याकडे यंत्रांचे ज्ञान आहे. शोधाच्या आखणीचे गणित मात्र अभ्यासक्रमांत फार कमी दिसते.

भारताचा असा एक अनुभव अलीकडचाच आहे. २२ जुलै २०१६ रोजी हवाई दलाचे एएन-३२ विमान तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसह बंगालच्या उपसागरात बेपत्ता झाले. तेव्हा जहाजे आणि विमाने लावून केलेल्या मोठ्या शोधातून काहीच हाती आले नाही. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने खोल समुद्रात जाणारा आपला स्वायत्त रोबो त्या विमानाच्या शेवटच्या ज्ञात स्थानी उतरवला, आणि ३,४०० मीटर खोलीवर सोनार व छायाचित्रांतून विमानाचे अवशेष दिसले. जानेवारी २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ही माहिती दिली. छायाचित्रांची छाननी केली असता ते अवशेष एएन-३२ शी जुळणारे आढळले, आणि त्या परिसरात दुसरे कोणतेही विमान बेपत्ता झाल्याची नोंद नसल्यामुळे ते याच विमानाचे असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला.